हेस्टर ग्रिम्सचा हरवलेला दाखला

"वेणूताई, त्या पाचाची एक करा आणि बॅच सोडा. चारला फाईल गेलीच पाहिजे." रंजिता माझ्या खुर्चीमागे येऊन उभी राहिली.

"नाही करणार."

"का?"

"कारण त्या पाच बायका आहेत."

रंजिता आमची टीम लीडर. वय अठ्ठावीस, म्हणजे माझ्या धाकट्या लेकीएवढी. पोरगी गुणाची, पण सदा घोड्यावर बसलेली. तिने वाकून माझ्या स्क्रीनवर बघितलं. "ताई, नाव एक, आडनाव एक, आईचं नाव एक, गाव एक. मशीन सांगतंय की शहाण्णव टक्के सेम पर्सन आहे. आणि तुम्ही म्हणता पाच?"

"मशीनला काय कळतंय? मशीन कधी शाळेत कारकून होतं का?"

पलीकडच्या टेबलावरचा भावेश फिस्सकन हसला. हसू दे. मी तेहेतीस वर्षं शाळेत कारकुनी केली आहे. त्या तेहेतीस वर्षांत माझ्या हातून जनरल रजिस्टरात एक खाडाखोड झाली नाही. हे मी कुणी न विचारताच सांगते, अशी घरी तक्रार असते.

आता हे कसलं ऑफिस, ते सांगते. नवीन पनवेलला मिठाईच्या दुकानावर दुसरा मजला, बावीस टेबलं, एक एसी. जगभरच्या दफ्तरखान्यांतली जुनी रजिस्टरं फोटो होऊन आमच्याकडे येतात. डावीकडे पानाचा फोटो, उजवीकडे रिकामे चौकोन. बघायचं आणि टाईप करायचं. एकच पान दोघे जण वेगवेगळं टाईप करतात. दोघांचं जुळलं नाही, की ते तिसऱ्याकडे येतं. त्या तिसऱ्याला आम्ही पंच म्हणतो. मी पंच. मला इंग्रजी बोलता येत नाही, पण हाताने लिहिलेलं वाचायला कुठलंही द्या. आमचे जुने हेडमास्तर गुरुदत्त सर असं काही इंग्रजी खरडायचे की ते वाचता आलं त्याला जगातलं काहीही वाचता येईल. निवृत्तीनंतर घरात बसून सुनेच्या फोडणीला नावं ठेवत बसले असते. त्यापेक्षा सुकापूरहून रिक्षाने दहा मिनिटांत इथे येते. डब्यातल्या सुकटीच्या वासावरून एकदा भांडण झालं, तेवढं सोडलं तर सुखात आहे.

दोन महिन्यांपासून आमच्याकडे अमेरिकेतल्या एका तालुक्याची रजिस्टरं चालू होती. ते तालुका म्हणत नाहीत, पण असतो तो तालुकाच. दीड-दोनशे वर्षांपूर्वीची, गुलामगिरीच्या काळातली. पण ही गुलामांची रजिस्टरं नव्हती. जी काळी माणसं गुलाम नव्हती, आई मुक्त म्हणून जन्माने मुक्त किंवा मालकाने सोडलेली, त्यांची होती. त्या राज्याचा कायदा असा, की अशा प्रत्येकाने दर तीन वर्षांनी कोर्टातल्या कारकुनासमोर उभं राहायचं. कारकून नाव लिहिणार, वय लिहिणार, रंग लिहिणार, भिंतीला उभं करून उंची मोजणार, अंगावरच्या खुणा लिहिणार. मग शिक्का मारून दाखला देणार. तीन वर्षांचा नेम प्रत्यक्षात फारसा कुणी पाळत नसे, कागदाची गरज पडली की लोक यायचे. तो दाखला जवळ नसला आणि रस्त्यात कुणी अडवलं, तर सरळ तुरुंग. तुरुंगातून पुढे कुणाच्या तरी शेतावर राबायला.

पहिल्या दिवशी भावेश म्हणाला होता, "म्हणजे गोऱ्यांना काही सिद्ध करायला नको. गुलामाला पण नको, तो गुलाम आहे हे सगळ्यांना ठाऊक. फक्त मुक्त माणसाने सांगत फिरायचं की बाबांनो, मी माणूस आहे."

एरवी तो पोरगा क्रिकेटशिवाय दुसरं काही बोलत नाही. त्या दिवशी मी त्याला माझ्या डब्यातला बोंबील दिला.

मला त्या रजिस्टरांची इतकी माया का लागली, तर तो खुणांचा रकाना. आमच्या शाळेतही होता. सरकारी नमुन्यात नव्हता, गुरुदत्त सरांनी लाल शाईने आखून घेतला होता. कारण काय, तर आजूबाजूच्या गावांतून एकेका वर्गात पाच-पाच महादेव, आणि आईबापांना जन्मतारीख ठाऊक नाही म्हणून सगळ्यांची जन्मतारीख एक जून. दाखला द्यायची वेळ आली की कुठला महादेव कुठला? मग सर म्हणाले, अंगावरची खूण लिहा. मी पोराला समोर उभं करायची, हनुवटी वर करून बघायची. कपाळावर खोक. उजव्या गुडघ्यावर भाजल्याचा डाग. डाव्या हाताला सहावं बोट. माणसाचं नाव बदलतं, वय तर आपण मनाने घालतो, पण खूण खोटं बोलत नाही.

म्हणून हेस्टर ग्रिम्स माझ्यासमोर आली, तेव्हा मी अडले.

पहिली नोंद अठराशे बत्तीसची. हेस्टर ग्रिम्स, मिलीची मुलगी, जन्माने मुक्त. वय सुमारे सव्वीस. उंची पाच फूट दोन इंच. डाव्या मनगटावर भाजल्याचा व्रण.

दुसरी पस्तीसची. हेस्टर ग्रिम्स, मिलीची मुलगी. आधीचा दाखला हरवल्याचं शपथेवर सांगितलं, नवीन दिला. वय सुमारे वीस. उंची पाच फूट साडेचार इंच. उजव्या करंगळीचं टोक नाही.

तिसरी छत्तीसची. दाखला पुन्हा हरवला. उंची पाच फूट पाऊण इंच. डाव्या डोळ्याखाली तीळ.

चौथी अडतीसची. पुन्हा हरवला. वय सुमारे चाळीस. उंची पाच फूट सहा. तोंडावर देवीचे व्रण.

पाचवी एकेचाळीसची. वय सुमारे अठरा. पुढच्या दोन दातांत फट. उजव्या घोट्यावर, सगळीकडून गोल, जुना व्रण.

"बघ ना," रंजिता म्हणाली, "कारकून गचाळ होता. एंट्री चुकवत गेला. आपला रूल काय आहे? वर्णन जुळत नसेल तर पहिलं ठेवायचं, बाकीच्यांना क्लर्कची चूक म्हणून टिक करायचं. म्हणजे त्या सर्चमध्ये दिसणार नाहीत. संपलं."

"अगं बाई, नीट बघ तरी. पाचही नोंदींचं अक्षर एकाच माणसाचं आहे. पुस्तकात बाकी साडेतीनशे नोंदी आहेत, एकात चूक नाही. आणि हिच्याच वेळी बरा याचा हात घसरतो?"

"घसरू शकतो."

"कारकुनाचा हात वयात घसरतो, तारखेत घसरतो. उंचीत अर्धा इंच, पाऊण इंच असं कधी मनाने लिहितं का कुणी? मनाने लिहिणारा पाच फूट लिहून मोकळा होतो. पाऊण इंच लिहिलंय म्हणजे त्याने मोजलं. मोजलं म्हणजे त्याच्या भिंतीला पाठ लावून कुणीतरी उभं होतं. दर वेळी दुसरं कुणीतरी. आणि लहान गाव ते, खरी हेस्टर त्याला चेहऱ्याने माहीत असणार."

भावेशने खुर्ची इकडे वळवली.

"मग ताई, त्या दुसऱ्या बायका कोण?" त्याने विचारलं.

"तो गोल व्रण वाच. घोट्याला सगळीकडून गोल व्रण कशाने पडतो? जन्माने मुक्त बाईला बेडी कोण घालेल?"

ते मी बोलून गेले. तोवर मी ते मनातल्या मनातसुद्धा इतकं स्पष्ट म्हटलं नव्हतं. त्या गुलाम बायका होत्या. हेस्टर कोर्टात जाऊन सांगत होती की माझा दाखला हरवला. आणि नवीन दाखला तिच्या नावाने, पण दुसरीच्या अंगावर बेतून निघत होता. उंची तिची, तीळ तिचा, तुटकं बोट तिचं. तो कागद घेऊन ती बाई हेस्टर ग्रिम्स होऊन भर दिवसा रस्त्याने उत्तरेकडे चालू लागत होती. कुणी अडवलं तर कागद काढून दाखवायचा, की बघा, करंगळीचं टोक नाही, लिहिलंय.

आणि तो कारकून! घोट्यावरची खूण लिहिताना त्याच्या मनाचं काय झालं असेल? न लिहावी तर वाटेत कागद जुळायचा नाही. लिहावी तर उद्या कुणी हे पान उघडून विचारेल, की जन्माने मुक्त बाईच्या पायाला हे काय? त्याने लिहिली. सरळ, न कापणाऱ्या हाताने, ओळीवर ओळ बरोबर ठेवून. मी आयुष्यभर कारकुनांत वावरले, आमच्या जातीला कुणी शूर म्हटलेलं ऐकलं नाही. मला त्या माणसाच्या पायावर डोकं ठेवावंसं वाटलं. तो गोरा, मेलेला, त्याचं नावही मला माहीत नाही, तरी वाटलं.

"स्टोरी भारी आहे," रंजिता हळूच म्हणाली. "पण ताई, प्रूफ? मी वरती काय सांगू? आमच्या वेणूताईंना वाटतंय म्हणून?"

"पुढचं पुस्तक आलंय ना भावेशकडे? पुढच्या आठवड्याचं?"

"आलंय. पण अजून टाईप झालेलं नाही. सर्च नाही होणार."

"मी पान पान बघते. खरी हेस्टर तिथेच राहिली असली, तर कधीतरी तिला स्वतःलाही कागद लागला असेल ना? त्या पाचवीचा व्रण घेऊन आली, तर मी खोटी. तुझी पाचाची एक मी माझ्या हाताने करीन. पण मनगटावरचा डाग घेऊन आली तर?"

रंजिताने घड्याळ बघितलं. पावणेबारा झाले होते. "तीनपर्यंत. तीनला नाही मिळालं, तर मर्ज. आणि मग वाद घालायचा नाही."

"नाय घालनार," मी म्हणाले. चिडले किंवा घाबरले की माझ्या तोंडून आमच्या ओवे गावची बोली बाहेर येते.

एकशे चाळीस पानं होती. जेवले नाही. भावेश म्हणाला, मागून मी बघत येतो, तुम्ही पुढून या. मी नाही म्हटलं, कारण तिरक्या अक्षरातलं एच त्याला के वाटतं. मग तो आपला उगाच शेजारी बसून राहिला. माणसं पुढे सरकत होती. फेबी, वय सुमारे साठ, आंधळी. एका बाईच्या कडेवरचं तीन महिन्यांचं मूल, त्याच्याही अंगावरची खूण लिहिलेली, मांडीवर जन्माचं लासं. एक सुतार, अंगठा चेपलेला. एरवी त्यांच्याजवळ थांबले असते, त्या दिवशी थांबायला वेळ नव्हता. चव्वेचाळीस साल संपलं. पन्नास संपलं. मधेच तो ओळखीचा हात संपला आणि कुणा नव्या कारकुनाचं फिसकटलेलं अक्षर सुरू झालं. माझा माणूस बदलून गेला, की मेला, की पकडला गेला, काही लिहिलेलं नव्हतं. मला घरचं कुणी गेल्यासारखं वाईट वाटलं.

अडीच वाजले. भावेश म्हणाला, "ताई, नसेल. तीसुद्धा निघून गेली असेल नंतर." मलाही तेच वाटायला लागलं होतं. गेली असली तर बरंच झालं की! पण मग इथे त्या चौघी पुसल्या जाणार होत्या. इतक्या लांबची वाट चालून गेलेल्या बाया, आणि त्यांच्या अंगाची जी एकुलती एक ओळ जगात उरली, ती मी, पनवेलच्या वेणू घरतने, चूक म्हणून टिक करायची.

एकशे एकतिसाव्या पानावर, खालून तिसरी ओळ. साल अठराशे एकोणसाठ.

हेस्टर ग्रिम्स, मिलीची मुलगी. वय सुमारे त्रेपन्न. उंची पाच फूट दोन इंच. डाव्या मनगटावर भाजल्याचा व्रण.

मी त्या ओळीवर बोट ठेवलं. भावेशनेच ओरडून रंजिताला बोलावलं. ती फोनवर होती, तशीच आली आणि वाचून फोन खाली केला. तिने पहिली नोंद दुसऱ्या स्क्रीनवर उघडायला लावली, एकदा इकडे बघितलं, एकदा तिकडे. बत्तीसला सव्वीस, एकोणसाठला त्रेपन्न. तिने बोटांवर हिशोब केला.

"बरोबर येतंय," ती म्हणाली. "ताई, वयसुद्धा बरोबर येतंय."

"येणारच."

"म्हणजे चौघींना पाठवलं. आणि स्वतः सत्तावीस वर्षं तिथेच?"

"तिथेच."

"पण का? तिच्याकडे तर खरा कागद होता. तीच पहिली जायला पाहिजे होती ना!"

मी म्हणाले, "कोर्टात जाऊन हरवला म्हणून सांगायला कुणीतरी मागे राहायला हवं ना गं."

रंजिताचे डोळे भरले. तिने ते आमच्यासमोर पुसलेही नाहीत, नाक ओढलं आणि माझी खुर्ची बाजूला सारून स्वतः कीबोर्डवर बसली. पाचही नोंदींवरचा, एकच माणूस असं सांगणारा मशीनचा झेंडा तिने काढला, सहावी पुढच्या पुस्तकातून उचलून त्यांना जोडली. शेऱ्याच्या चौकोनात फार थोडी अक्षरं मावतात. तिने मला विचारलं, काय लिहू? मी मराठीत सांगितलं, तिने इंग्रजीत लिहिलं: वर्णनं वेगवेगळ्या स्त्रियांची आहेत. कारकुनाची चूक नाही. सगळ्या नोंदी ठेवाव्यात. खाली आपोआप ऑपरेटर सतरा असं आलं, म्हणजे मी. चारला दहा मिनिटं असताना फाईल गेली.

मग चहा मागवला. रंजिता एकदम खुशीत आली. टेबलावर चढून बसली आणि पाय हलवत म्हणाली, "काय माणूस असेल ना तो क्लर्क! ताई, तुमच्यापुढे कुणी असं आलं असतं तर तुम्हीपण दिला असता ना दाखला? खरं सांगा!"

मी कप खाली ठेवला. "आली होती," मी म्हणाले. "नाही दिला."

ती हसायची थांबली.

दोन हजार तीन साल, दिवाळीच्या अलीकडचे दिवस. वाडीवरची ठमाबाई कातकरीण माझ्या टेबलापुढे आली. तिची भामा आमच्याकडे चौथी पास झाली होती, जूनमध्ये दाखला घेऊन आश्रमशाळेत गेली होती, तिथे राहत होती. ठमाबाई म्हणाली, "बाय, भामाचा दाकला हरवला. दुसरा द्या."

तिच्या मागे एक पोरगी उभी होती. अकराएक वर्षांची. भामा नव्हे. ठमाबाईच्या बहिणीची असणार, ती बहीण वारली होती. कधी शाळेत न गेलेली पोर. दिवाळी झाली की वाडीतली सगळी माणसं वीटभट्टीवर जाणार, आणि ही त्यांच्याबरोबर. दाखला मिळाला असता तर कर्जतकडच्या दुसऱ्या आश्रमशाळेत तिला ठेवता आलं असतं. हे सगळं मला तेव्हाच कळलं. न कळायला काय झालं? इतक्या वर्षांची कारकून मी.

मी रजिस्टर काढलं. भामा, खूण, डाव्या कानाची पाळी फाटलेली. मी उठले, त्या पोरीला खिडकीशी नेलं, तिचा कान धरून उजेडात बघितला. पाळी चांगली धड होती. मी ठमाबाईला म्हणाले, "सरकारी कागदाशी खोटं बोलतेस? लाज नाही वाटत?"

ती चिडली नाही, रडली नाही. म्हणाली, "बाय, एका नावात दोन पोरी नाय बसत काय?"

मी म्हटलं, नाही बसत.

गुरुदत्त सरांनी आतून सगळं ऐकलं होतं. त्यांनी मला शाबासकी दिली, चार माणसांत सांगितलं की वेणूबाईंच्या रजिस्टरात माशीसुद्धा शिरू शकत नाही. मी ती शाबासकी घेतली आणि घरी जाऊन सांगितली. त्या पोरीचं पुढे काय झालं, मला ठाऊक नाही. तिची खूण मला आजही पाठ आहे, उजव्या गालावर बोटभर भाजल्याचा डाग. नाव मी विचारलंच नाही.

रंजिताने माझा हात धरला. मी तो धरू दिला.

त्या दिवशी जाताना ठमाबाईने पोरीचा लाल झालेला कान पदराने झाकला. दोघी मैदान ओलांडून फाटकाकडे गेल्या. मी खिडकीतून बघत होते. मग टेबलापाशी येऊन मी रजिस्टर मिटलं आणि कपाटात ठेवून कुलूप लावलं.